दोष कुणाजवळ कबूल करावा, आणि ऐकणाऱ्याने काय करावे

प्रश्न विचारणारे बंधू तिशीतले आहेत, विवाहित आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्रोटेस्टंट मंडळीत तरुण संघाचे काम पाहतात. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळण्याची सवय त्यांना लागली, कर्ज झाले, आणि एका महिन्याचा हप्ता चुकू नये म्हणून त्यांनी संघाच्या शिबिरासाठी जमलेल्या वर्गणीतले १८ हजार रुपये वापरले. पुढचा पगार झाल्यावर ते परत ठेवले. कुणाला कळले नाही. पत्नीला कर्जाची कल्पना नाही. घरगुती प्रार्थनासभेत त्यांनी "मी एका बाबतीत दुर्बळ आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढेच सांगितले, आणि काही दिवसांतच एका नातलग बाईंनी त्यांच्या आईला फोन करून "प्रार्थनेसाठीच विचारते हं, पण घरात काही बिनसलंय का?" अशी चौकशी केली. एक मित्र म्हणतो, देवाजवळ कबूल केलेस, पैसेही परत ठेवलेस, विषय संपला. दुसरा म्हणतो, प्रकाशात चालायचे असेल तर रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभा राहून सांग. ख्रिस्ती माणसाने आपल्या दोषांविषयी किती मोकळे असावे आणि कुणाजवळ, असे हे बंधू विचारतात.

माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे देतो. दोन्ही मित्रांचा सल्ला मला पटत नाही. तुम्ही पत्नीला सर्व सांगावे, आणि तेही याच आठवड्यात. त्यानंतर पाळक आणि संघाचे खजिनदार या दोघांना शिबिराच्या पैशांविषयी आकड्यासह सांगावे. मंडळीसमोर काय व किती बोलायचे हे त्या दोघांशी बोलून ठरवावे, एकट्याने ठरवू नये. ज्याचे नुकसान झाले किंवा ज्याचा विश्वास वापरला गेला त्याच्यापासून कबुली सुरू व्हावी, आणि पुढे ती पेलू शकेल अशाच माणसाकडे न्यावी, असे शास्त्रही सांगते आणि मंडळीचा दीर्घ अनुभवही सांगतो. पाळकीय सेवेत आणि समुपदेशनात आयुष्याचा मोठा भाग गेल्यावर मी आणखी एका निष्कर्षाला आलो आहे. एखाद्या मंडळीत लोक खरे बोलतात की नाही हे बोलणाऱ्यांच्या धैर्यापेक्षा ऐकणाऱ्यांच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते. त्यामुळे या उत्तराचा काही भाग तुमच्यासाठी आहे आणि काही भाग तुमच्या प्रार्थनासभेसाठी आहे.

पहिल्या मित्राचे म्हणणे आधी पाहू, कारण आपल्याकडे तेच जास्त प्रचलित आहे. त्याला आधार म्हणून ५१ वे स्तोत्र पुढे केले जाते. त्यात दावीद देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले आहे. परंतु हे स्तोत्र जन्माला कसे आले ते त्याच्या मथळ्यातच लिहिलेले आहे: नाथान संदेष्टा दाविदाच्या घरी आला आणि त्याने तोंडावर दोष दाखवला, त्यानंतरचे हे शब्द आहेत. शिवाय ते 'मुख्य गवयासाठी' लिहिलेले आहे, म्हणजे राजाचा पश्चात्ताप मंदिरात गाण्यासाठी दिला गेला. ज्या स्तोत्राच्या आधारे आपण दोष देवापुरता ठेवू पाहतो, त्याच्या एका बाजूला खरे सांगणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला गाणारी सगळी सभा उभी आहे. पैशांच्या बाबतीत तर मोशेचे नियमशास्त्र नेमके बोलते. गणनाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की ज्याच्या हातून दुसऱ्याचा अपराध घडला त्याने तो कबूल करावा, पूर्ण भरपाई करावी, तिच्यात पाचवा हिस्सा आणखी घालावा आणि ज्याचा अपराध केला त्यालाच ती द्यावी. शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर भर लोकांसमोर उभे राहून चौपट परत करण्याचे वचन दिले. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणलेले असतानाही भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. तुम्ही १८ हजार परत ठेवलेत हे चांगलेच केले. परंतु ज्यांनी विश्वासाने वर्गणी तुमच्या हाती दिली त्यांना त्या विश्वासाचे काय झाले हे अजून माहीत नाही, आणि तोवर समेट झालेला नसतो.

आणखी एक कारण आहे, आणि समुपदेशकाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. जर्मनीत नाझी राजवटीच्या काळात पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी फिन्केनवाल्ड येथे १९३५ पासून पाळकांचे एक प्रशिक्षण केंद्र चालवले. १९३७ मध्ये पोलिसांनी ते बंद केले. तेथे प्रभुभोजनापूर्वी विद्यार्थ्यांनी एकमेकांजवळ जाऊन खासगीत दोष कबूल करावेत अशी प्रथा त्यांनी घातली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: बंधूजवळ कबूल करणे अवघड आणि पवित्र देवाजवळ कबूल करणे सोपे वाटत असेल, तर आपण देवाजवळ नव्हे, स्वतःजवळच कबूल करून स्वतःलाच क्षमा देत आहोत की काय, हे तपासले पाहिजे. माझा अनुभव याला पूर्ण दुजोरा देतो. व्यसनात अडकलेला माणूस रात्री गुडघे टेकून रडतो, ते रडणे खरे असते. परंतु सकाळी पुन्हा तोच खेळ उघडतो, कारण कालच्या रात्रीचा दुसरा साक्षीदार कुणीच नसतो.

आता दुसऱ्या मित्राकडे येऊ. प्रकाशात चालणे हे योहानाच्या पहिल्या पत्रातले शब्द आहेत, आणि पूर्व आफ्रिकेत १९३० च्या दशकात रुआंडा व युगांडा येथून सुरू झालेल्या संजीवनात, म्हणजे धार्मिक जागृतीच्या चळवळीत, ते घोषवाक्यासारखे झाले होते. तेथे विश्वासी लोक सभेत उघडपणे पापे कबूल करत. त्या चळवळीविषयी मला आदर आहे. परंतु उघड कबुलीची अडचण मंडळीला फार जुनी आहे. पहिल्या काही शतकांत गंभीर पापांचे प्रायश्चित्त मंडळीच्या डोळ्यांदेखत करावे लागे. इ. स. ४५९ मध्ये रोमचे बिशप लिओ यांनी इटलीतल्या काही बिशपांना कडक शब्दांत लिहिले की प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या पापांची यादी लोकांसमोर वाचून दाखवण्याची प्रथा बंद करावी, धर्मगुरूजवळ गुप्तपणे केलेली कबुली पुरेशी आहे. लोक लाजेने किंवा शत्रूंच्या हाती आपली कृत्ये जातील या भीतीने पश्चात्तापापासूनच दूर राहतील, असे कारण त्यांनी दिले. पुढे १२१५ च्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक विश्वासणाऱ्याने वर्षातून एकदा तरी कबुली द्यावी असा नियम केला. वसईच्या आणि गोव्याच्या आपल्या कॅथलिक बंधुभगिनींकडे ही व्यवस्था आजही आहे, आणि कबुलीत ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चमधून बहिष्कृत केले जाते, इतकी तिची गुप्तता कडक आहे.

याकोबाच्या पत्रातले प्रसिद्ध वचन, "आपली पातके एकमेकांजवळ कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करा", हे या संदर्भात नीट वाचावे. त्याच्या आधीच्या ओळींत आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, घरी बोलवावे आणि त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी असे सांगितले आहे. दृश्य आहे ते एका घरातले, बिछान्याजवळचे. जमलेली माणसे प्रार्थना करण्यासाठी जमली आहेत, आणि हेतू आहे तो बरे होण्याचा. तीनशे माणसांसमोर ध्वनिक्षेपकावर बोलणे हा या वचनाचा अर्थ नव्हे. त्याचप्रमाणे कुणाजवळच न बोलणे हाही नव्हे.

आपण मराठी प्रोटेस्टंट लोकांनी कबुलीची पेटी, म्हणजे धर्मगुरूजवळ एकांतात दोष सांगण्याची कॅथलिक चर्चमधली जागा, सोडून दिली. परंतु तिच्या जागी काय ठेवले, हा प्रश्न मी पाळकांच्या बैठकांमध्ये नेहमी विचारतो. मार्टिन ल्यूथर यांनी खासगी कबुली टाकून दिली नव्हती; १५२९ च्या त्यांच्या लहान प्रश्नोत्तरावलीत तिच्यासाठी स्वतंत्र भाग आहे. आपल्याकडे रविवारच्या उपासनेत सगळे मिळून एका सुरात पापकबुलीची प्रार्थना म्हणतात. ती मोलाची आहे, परंतु तिच्यात कुणाचेही नाव, रक्कम किंवा तारीख नसते. मग उरते ती साक्ष. साक्ष कशी दिली जाते ते आठवून पाहा: "मी फार दारू पीत होतो, बायकोला मारत होतो, पण प्रभूने मला सोडवले, हालेलुया." क्रियापदे सगळी भूतकाळातली असतात. वर्तमानकाळ आला की भाषा बदलते: "मी प्रार्थनेत कमी पडतो", "माझे शास्त्रवाचन नियमित होत नाही", "माझा विश्वास थोडा डगमगतो". हे दोष खोटे नसतात, परंतु ते सांगितल्याने कुणाचे काही बिघडत नाही, म्हणूनच ते निवडले जातात. एखाद्या सभेत वर्षभरात कुणीही पैसा, राग, मत्सर, जातीचा अभिमान किंवा मोबाईलवर एकांतात काय पाहतो याविषयी वर्तमानकाळात एकही वाक्य बोलले नसेल, तर ती सभा पवित्र आहे असे मी समजत नाही. तेथे ऐकण्याची तयारी नाही असे समजतो.

ही तयारी कशी केली जाते याचा उत्तम नमुना मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनी घालून दिला. २५ डिसेंबर १७३८ रोजी त्यांनी छोट्या गटांसाठी नियम तयार केले. गट आठवड्यातून एकदा भेटे. पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे, विवाहितांचे आणि अविवाहितांचे वेगळे. गटात घेण्यापूर्वी विचारले जाई, तुझे दोष तुला सांगितले जावेत अशी तुझी इच्छा आहे का? दर भेटीत ठरावीक प्रश्न असत: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणते पाप केलेस, कोणते मोह आले, त्यांतून कसा सुटलास, आणि मनात असा कोणता विचार आणलास, असे काय बोललास किंवा केलेस की जे पाप आहे की नाही याविषयी तुलाच शंका आहे? या शेवटच्या प्रश्नाचे मला फार मोल वाटते, कारण बहुतेक नाश तेथेच सुरू होतो. "दहा-वीस रुपयांची तर रमी आहे" हे वाक्य वेळेवर कुणी ऐकले असते तर तुमचे कर्ज झालेच नसते. आणि एक नियम मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो: ज्याने इतरांना विचारायचे त्याने आधी स्वतःची अवस्था सांगायची. गटनेता स्वतः काही न सांगता इतरांचे ऐकून घेऊ लागला की तो गट चौकशी समिती होतो.

विसाव्या शतकात ख्रिस्ती लोकांच्या या जुन्या सवयीचा लाभ एका वेगळ्या मार्गाने पुष्कळांना मिळाला. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू इच्छिणाऱ्यांची चळवळ फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून निघाली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी म्हणजे आपल्या चुकांचे नेमके स्वरूप देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करणे. नववी म्हणजे ज्यांचे नुकसान केले त्यांची शक्य तेथे प्रत्यक्ष भरपाई करणे. बुकमन यांच्याच परंपरेतले एक केंद्र पाचगणीला १९६८ पासून उभे आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा कितीतरी ठिकाणी चर्चच्या सभागृहात आठवड्याच्या मधल्या वारी भरतात, आणि तेथे माणूस उभा राहून आपले नाव सांगून "मी मद्यपी आहे" असे वर्तमानकाळात म्हणतो. त्याच इमारतीत रविवारी तेच वाक्य बोलायला जागा नसते, याचे मला मनापासून दुःख आहे.

महाराष्ट्रात कबुलीची सर्वांत मोठी लाट आली ती केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ च्या जूनअखेरीस. रमाबाईंनी त्या वर्षी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले होते. त्यांतून जागृती झाली, मुली रडत रडत तासन्‌तास पापे कबूल करू लागल्या आणि हा प्रभाव आश्रमाबाहेरही पसरला. या घटनेचा उल्लेख आपण संजीवन सभांच्या प्रचारात नेहमी करतो, पण एक गोष्ट विसरतो. केडगावच्या मुली एका छताखाली राहत होत्या, एकत्र जेवत, एकत्र काम करत. कबुली दिलेली मुलगी दुसऱ्या दिवशीही त्याच पंक्तीला बसत होती आणि तिला सांभाळणाऱ्या बाया तेथेच होत्या. बाहेरच्या वक्त्याने तीन दिवसांच्या सभेत लोकांना उभे करून पापे बोलायला लावायचे आणि चौथ्या दिवशी निघून जायचे, हा प्रकार केडगावच्या नावावर खपवू नये.

केडगाव आठवले की आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्या आश्रमात दुष्काळातून वाचलेल्या, बालविधवा, घरच्यांनी टाकलेल्या मुली होत्या; त्यांच्यावर झालेला अन्याय पुष्कळ होता. आजही समुपदेशनाच्या खोलीत स्त्रिया, आणि पुरुषही, आपल्यावर झालेला अत्याचार स्वतःचे पाप म्हणून कबूल करायला येतात. लहानपणी नातलगाने केलेला गैरप्रकार सांगताना "माझ्याकडून पाप घडले" असे शब्द येतात. ऐकणाऱ्याने तेथे "प्रभू क्षमा करतो" असे म्हणू नये. ते वाक्य जखम पक्की करते. "यात तुझा दोष नाही" हे आधी आणि स्पष्ट म्हणावे. आणि समोरचा माणूस मुलावर किंवा मुलीवर केलेल्या लैंगिक अत्याचाराची कबुली देत असेल, तर ती प्रार्थनेत झाकायची बाब नव्हे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना ती देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास शिक्षा आहे. गटाच्या पहिल्याच भेटीत गुप्ततेची ही मर्यादा सांगून ठेवावी.

तुमच्या प्रश्नात एक भीती आहे, ती तुम्ही नीट शब्दांत मांडलेली नाही, पण मला ती ओळखीची आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी होते. एवढ्या लहान समाजात सगळे एकमेकांचे सोयरे असतात. अहिल्यानगरला बोललेले संध्याकाळपर्यंत सोलापूरला आणि मिरजेला पोहोचते, आणि भावाच्या कर्जाची वार्ता बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यात अडथळा होऊन बसते. त्यातच "बाहेरचे काय म्हणतील, आपली साक्ष बिघडेल" ही धास्ती. पहिली भीती खरी आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलायला सांगत नाही. दुसरी भीती मला खरी वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणजे ज्यांची गीते आपण उपासनेत गातो ते. त्यांचा तापट स्वभाव, घर सोडून निघून जाणे, पैशांच्या बाबतीतली बेफिकिरी हे सर्व लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि स्वतःचे सोवळ्याओवळ्याचे हट्टही झाकले नाहीत. महाराष्ट्रातल्या हिंदू वाचकाने त्यामुळे टिळकांना कमी लेखले नाही. उलट ख्रिस्ती घराचे इतके विश्वसनीय चित्र त्याला दुसरीकडे क्वचितच मिळाले. दोष दिसल्याने साक्ष बिघडते असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

झाकल्याने साक्ष कशी बिघडते याचे उदाहरण मात्र ताजे आहे. मूळचे चेन्नईचे आणि जगभर ख्यातनाम असलेले वक्ते रवी झकरायस यांच्याविरुद्ध एका महिलेने २०१७ मध्ये तक्रार केली, तेव्हा त्यांची संस्था त्यांच्याच बाजूने उभी राहिली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन समोर आले. त्यांच्या व्याख्यानांनी विश्वासात स्थिर झालेले तरुण आपल्या मंडळ्यांतही होते. त्यांची समजूत घालताना मला शब्द सापडत नव्हते. पौल तीमथ्याला लिहितो की मंडळीच्या वडिलांविरुद्धचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून घेऊ नये, परंतु जे पाप करीत राहतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखवावा. ज्याच्यावर जितक्या लोकांनी विश्वास टाकला, तितक्या लोकांना उत्तर देण्याची त्याची जबाबदारी. तरुण संघाचे प्रमुख म्हणून ती काही प्रमाणात तुमच्यावरही आहे, आणि म्हणूनच पाळक व खजिनदार यांच्यापुरते प्रकरण संपेलच असे मी म्हणत नाही.

आता पत्नीशी बोलण्याविषयी. हे बोलणे कसे असू नये ते आधी सांगतो. "माझ्याकडून थोडी चूक झाली आहे, पण प्रभूने मला क्षमा केली आहे, तूही कर" या वाक्यात कबुली नाही, मागणी आहे. कबुलीत नेमके काय केले, केव्हापासून, किती रकमेचे, कुणाला काय खोटे सांगितले आणि आज स्थिती काय आहे, एवढे असावे. उदाहरणार्थ: "गेल्या दिवाळीपासून मी मोबाईलवर पैसे लावून रमी खेळतो आहे. माझ्यावर एकूण एवढे कर्ज आहे, त्याचे कागद हे आहेत. ऑफिसात जादा काम आहे असे मी सांगत होतो ते खरे नव्हते. जूनमध्ये संघाच्या पैशांतले १८ हजार मी वापरले आणि जुलैत परत ठेवले. आज सकाळी ते अ‍ॅप काढून टाकले." यानंतर थांबावे. कारणे, लहानपण, तणाव, मित्राची संगत हे सर्व ती विचारील तेव्हा सांगावे. रक्कम एकदाच आणि पूर्ण सांगावी. आज निम्मी आणि पुढच्या महिन्यात उरलेली असे केले, तर दुसऱ्या वेळेचा घाव पहिल्यापेक्षा खोल जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ती रागावेल, कदाचित माहेरी जाईल, कदाचित आठवडे बोलणार नाही. तिला क्षमेचे वचन वाचून दाखवू नका आणि तुमच्या आईकडूनही वदवू नका. क्षमा करावी की नाही, आणि केव्हा करावी, हे तिचे तिला देवासमोर ठरवू द्या. घरखर्चाचे खाते आणि बँकेचे संदेश मात्र त्याच दिवसापासून तिच्याही मोबाईलवर येऊ द्या.

तुमच्या प्रार्थनासभेला माझे सांगणे असे आहे. कुणी वर्तमानकाळात खरे बोलला की पहिल्या मिनिटात काय घडते त्यावर पुढची दोन वर्षे ठरतात. त्या मिनिटात उपदेश करू नये, "माझेही असेच झाले होते" म्हणून स्वतःची गोष्ट सुरू करू नये, आणि आश्चर्य दाखवू नये. "तू सांगितलेस हे बरे झाले. आज रात्री कसा राहशील?" एवढे विचारणे पुरेसे असते. प्रार्थना तेथेच, त्याच माणसांनी करावी. ती व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवू नये, नाव गाळूनही पाठवू नये, कारण आपल्या समाजात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो. "प्रार्थनेसाठी सांगते" असे म्हणून दुसऱ्याचा दोष पुढे नेणे ही चहाडीच आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांना पाळकाने मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाप्रमाणे एकांतात स्पष्ट सांगितले पाहिजे. तुमच्या नातलग बाईंशी हे बोलणे राहिले आहे. ते पाळकांनी करावे, तुम्ही नव्हे. पौल गलतीकरांना सांगतो की अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने मार्गावर आणा आणि तसे करताना स्वतःकडेही लक्ष ठेवा. या दुसऱ्या भागाचा विसर पडला की सौम्यताही जाते. गटात चार-पाचच माणसे असावीत आणि त्यांनी दीर्घकाळ एकत्र राहावे. दर महिन्याला बदलणाऱ्या पंधरा माणसांत खरे बोलण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

एका गैरसमजाबद्दल थोडे. कबुली दिली म्हणजे सवय सुटली असे नसते. जुगाराची ओढ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात विकार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यासाठी प्रार्थनेच्या जोडीला प्रशिक्षित माणसाची मदत घेणे यात विश्वासाची कमतरता नाही. शासनाच्या टेली-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीत बोलता येते. पुन्हा पाय घसरला तर ते त्याच दिवशी त्याच माणसाला सांगायचे, इतके आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्या रात्री नव्याने धैर्य गोळा करावे लागणार नाही.

संघाच्या पदाविषयी माझा सल्ला असा की ते तुम्ही स्वतःहून काही काळ सोडावे, निदान पैशांचा व्यवहार तरी लगेच दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि पुढे कुणाच्याही बाबतीत दोन सह्यांशिवाय वर्गणी खर्च होणार नाही अशी पद्धत घालून घ्यावी. पाळक व खजिनदार यांचे मत पडले तर संघाच्या कार्यकारिणीला तुम्ही स्वतः सांगावे. वर्गणी ज्यांनी दिली त्यांचे प्रतिनिधी तेच आहेत. संपूर्ण मंडळीसमोर बोलण्याची गरज मला या प्रकरणात दिसत नाही, मात्र अफवा आधीच पसरली असेल तर पाळकांनी तुमच्या संमतीने दोन-चार वाक्यांचे निवेदन करावे, म्हणजे लोकांना अंदाज बांधावे लागणार नाहीत. पाळकांकडे जाण्यापूर्वी फोन करून तासभर वेळ मागून घ्या, उपासनेनंतर दारात उभ्या उभ्या हे बोलू नका. जाताना बँकेचा वर्षभराचा उतारा छापून सोबत न्या, आणि पत्नी यायला तयार असेल तर तिलाही घेऊन जा.